बेटावरचा उंदीर आणि कुंपणातलं गिरिपुष्प

आचरा, ता. मालवण
गावपळणीहून परतल्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आक्काच्या चरणी, एकसष्ट वर्षांच्या बालक सत्यवानाचा, गुडघे वाकतील तेवढे वाकवून नमस्कार.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा बरा असल्याचं लिहिलं होतंस, उजव्याबद्दल अवाक्षर नव्हतं, तेव्हा दुखणं तिकडेच असणार असं तुझ्या भावजयीचं म्हणणं. भावोजींची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. नसेल तर मी पाठवलेला खाजाचा पुडा (जो पाठवू नको म्हणून तू निक्षून सांगितलं होतंस) डाळीच्या डब्यात लपव, तिकडे ते कधी हात घालत नाहीत. इकडे सीतेची कंबर, माझी छाती, गाय आणि पाचही कोंबड्या खुशाल आहेत. फोन का केला नाही असं विचारशील. एक तर आमच्याकडे रेंज येते ती फक्त आडाजवळच्या माडाखाली, आणि त्या माडाचे नारळ कधी पडतील याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून सगळं सावकाश सांगतो.

यंदा गावपळण झाली. तू शेवटची केलीस तेव्हा परकरात होतीस, आणि ठाण्याची तुझी नातवंडं तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, तेव्हा त्यांना वाचून दाखव. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की अख्खा आचरा गाव घरादारांना कड्या घालून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस तीन रात्री बाहेर झोपड्या घालून राहायचं, मग देवाने परतायचा कौल दिला की घरी. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. (आमच्या तुरेवाल्या कोंबडीने हा नियम पाळायला साफ नकार दिला आणि ती न्हाणीघराच्या पत्र्यावर जाऊन बसली. तिला उतरवताना मी पडलो. कुठे पडलो ते लिहिण्यासारखं नाही, पण अजून पालथा झोपतोय.) आम्ही नेहमीसारखी वेशीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, झोपडी घातली. चार खांब आमच्या कुंपणातल्या गिरिपुष्पाचे, वर माडाची झापं, खाली जुनी सतरंजी. सीता म्हणते, घरापेक्षा झोपडीतच बरं वाटतं, झाडायला कोपरे कमी.

आता मुद्द्यावर येतो. (तू म्हणशील, दोन परिच्छेद झाले की रे मेल्या. अगं, मुद्दाच तसा आहे, घशाशी येऊन अडतो.) आपली नम्रता. दापोलीला शेतकीचं शिकून आली, दीड वर्ष घरी बसून तिने आमच्या सुपारीची, मिऱ्याच्या वेलांची आणि माझ्या आहाराची सुधारणा केली, आणि गेल्या महिन्यात तिला नोकरीचं पत्र आलं. कुठून? आसामातून! चहाच्या मळ्यांवर कीड कोणती पडते ते बघायचं. आक्का, मी भिंतीवरचा नकाशा काढून आसाम शोधला, तर तो नेमका कागदाच्या घडीत गेलेला. दोन गाड्या बदलायच्या, वर पुन्हा बस. तिकडे भूकंप होतात, गेंडे आहेत, आणि चहाखेरीज काही पिकत नाही अशी माझी समजूत आहे. येत्या शुक्रवारच्या आत हो की नाही ते कळवायचं. पोरीने पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तू सांगशील तसं. झालं! भांडली असती तर मी तिला अर्ध्या तासात गप्प केलं असतं. ह्या ‘तू सांगशील तसं’ला काय उत्तर द्यायचं? मी पंधरा दिवस मला सर्दी झाल्याचं सांगितलं.

खरं सांगू का? तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून मी युक्ती काढली. झालं असं की आचरा तिठ्यावरून मी सुके बांगडे आणले. ते ज्या कागदात बांधून आले तो होता कुठल्याशा वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीचा अर्धा तुकडा, आणि त्यात एका उंदराची हकिकत. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला ब्रॅम्बल के नावाचं एक टीचभर बेट आहे, तिथला एक तपकिरी उंदीर कायमचा नामशेष झाला. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही. कागद अर्ध्यावर फाटलेला, आणि उरलेल्या अर्ध्यात मजकुरावर बांगड्याचं तेल. जिथे वाचता आलं नाही तिथली पाच-सहा वाक्यं मी स्वतःच्या अनुभवाने भरून काढली. उंदीर होता, आता नाही. का नाही? बेट सोडून कुठेतरी भलतीकडे गेला असणार. घरचं सुख सोडून गेला आणि मेला. दुसरं काय होणार? समोर खिडकीतून माझं कुंपण दिसत होतं. तिथे गिरिपुष्प रांगेत उभं, आजोबांनी रोवलेलं, जागचं हललेलं नाही. गुरांना पाला देतं, भाताच्या चिखलात कुजून खत होतं, माघात गुलाबी फुलं देतं. एकदम डोक्यात आलं: ह्या दोघांची तुलना करायची, चारचौघांत करायची, आणि पोरीला परस्पर कळू द्यायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. (इथे सून नाही, लेकच आहे, पण म्हण तीच चालेल.)

संधी गावपळणीत मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी भजनाचे बुवा उन्हाने बेजार झाले, घसा बसला, आणि सड्यावर जांभळीच्या सावलीत शंभरेक माणसं काहीतरी ऐकायच्या तयारीने बसलेली. मी उठलो. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरी केलेल्या माणसाला माईक लागत नाही, हे तुला माहीत आहे. विषय जाहीर केला: नामशेष उंदीर आणि गिरिपुष्प, एक तुलना. चार मुद्दे काढले होते. रूप, गुण, उपयोग आणि आईवडिलांशी वर्तन. नम्रता समोर बसली होती, मांडीवर तुरेवाली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून कोंबडीकडे बघून बोललो.

रूपात गिरिपुष्पाला दहापैकी आठ दिले, उंदराला दोन (शेपटीबद्दल). गुणांत सांगितलं की गिरिपुष्प शेंगेच्या जातीचं, त्याच्या मुळांना गाठी येतात आणि त्या गाठींनी जमीन पोसली जाते. उंदराच्या पायाखालची जमीन मात्र पोखरली जाते. (हे मी आपल्या घरच्या उंदरांवरून सांगितलं, त्या बेटावरच्याची काही तक्रार मला माहीत नव्हती.) उपयोगात म्हटलं, गिरिपुष्पाला उंदीरमारीही म्हणतात, जुनी माणसं त्याचा पाला नि साल धान्यात मिसळून उंदरांना घालत. लगेच मागून कोणीतरी विचारलं की मग त्या बेटावरचा उंदीर ह्यानेच मारला काय? सभा हसली. मी म्हटलं, नाही, तो आपल्या कर्माने मेला, आणि आवाज चढवून चौथ्या मुद्द्याला हात घातला. सांगितलं की उंदराला बेट पुरलं नाही, तो दूरदेशी गेला, आणि आज त्याचं नाव सांगायला कोणी उरलं नाही. गिरिपुष्प बघा! आचऱ्याच्या मातीतलं झाड, आचऱ्याच्या मातीतच उभं. आणि पुरावा म्हणून आमच्या झोपडीमागे बोट दाखवलं. मागच्या गावपळणीला तिथे मी चार खांब रोवले होते, त्यांतले दोन रुजून माझ्या डोक्यावर गेलेत. म्हटलं, जिथे रोवलं तिथे राहिलं, हे खरं कुळशील! टाळ्या पडल्या. मी खाली बसणार होतो, आक्का, बसलो असतो तर बरं झालं असतं.

पण देवेश उठला. हा कृषी सहाय्यक, कुडाळकडचा, कोणाकडे तरी पाहुणा म्हणून गावपळण बघायला आलेला. अतिशय नम्र मुलगा. असली नम्र मुलंच घात करतात. म्हणाला, काका, एक छोटीशी दुरुस्ती करू का? आणि सड्यावर रेंज चांगली असल्यामुळे (गावात असतो तर माझं अज्ञान सुखरूप राहिलं असतं) त्याने फोनमध्ये बघून सांगितलं की तो उंदीर कुठेही गेला नव्हता. तेवढ्याच दहा-बारा एकरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. समुद्र चढत गेला, लाटा आत आल्या, खायची हिरवळ खाऱ्या पाण्याने जळाली, आणि त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. तिथेच संपला. आणि गिरिपुष्प? गिरिपुष्प आचऱ्याचं नव्हेच, काका. मूळ मेक्सिकोकडचं. समुद्र ओलांडून आलं, आणि आज अर्ध्या जगात कुंपणाला उभं आहे.

आक्का, सत्तर वर्षं आपल्या कुंपणात उभं राहून हे झाड एका शब्दाने बोललं नाही की मी बाहेरचा आहे! मी देवेशला म्हटलं, फोनमध्ये काहीही लिहितात. तेवढ्यात नम्रताकडे माझी नजर गेली. तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. चार वर्षं शेतकी शिकली, गिरिपुष्पाचं मूळ गाव तिला ठाऊक नसेल? पण चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नाही म्हणून कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत गप्प बसली होती. मला इतकी लाज वाटली की विचारू नकोस.

त्यावर सभा माझ्या हातून सुटली ती सुटलीच. अर्धे उंदराच्या बाजूचे झाले, अर्धे गिरिपुष्पाच्या. एक म्हणतो, राहिला तो शहाणा, मेला तरी आपल्या घरात मेला. दुसरा म्हणतो, तुझे दोन्ही झील नोकरीला दुबईत, तू कोणाला शिकवतोस? पोहता येत असतं तर वाचला असता का, यावरही थोडा वेळ वाद झाला. शेवटी सुभद्राकाकी बोलल्या. (वरच्या वाडीतल्या, तुला लहानपणी त्यांच्या फणसावरून हाकललं होतं त्याच. आता पंच्याऐंशी पूर्ण. दात नाहीत, धार आहे.) त्या आमच्या झोपडीमागच्या झाडाकडे काठी करून म्हणाल्या, “सत्या, ह्यो खांब तुझ्याच वयतलो मा? मगे हयसर वेशीभायर कसो रुजलो?” मी म्हटलं, हो, आमच्याच कुंपणातला, मीच तोडून आणला होता. तर म्हणाल्या, “तोडलस म्हणान रुजलो. आणि आयुष्यभर तू गाडयेत उभो ऱ्हवान घंटी मारलस, लोकांची पोरां मुंबैक धाडलस. आता आपल्या चेडवाची गाडी सुटता, तर दोरी धरून बसलस?” म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं, आक्का! मी आपला उंदराच्या आडून बोलतोय आणि समोरचे शंभर जण मूळ प्रकरण जाणून ऐकतायत. टाळ्या कशाबद्दल पडल्या होत्या ते तेव्हा कळलं. मी पाणी प्यायला म्हणून उठलो तो संध्याकाळपर्यंत पाणीच प्यालो.

तीन दिवस झाले, परतायचा कौल मिळाला आणि सगळी वरात घराकडे निघाली. पुढे गाय घेऊन सीता, मागे डोक्यावर वळकटी घेऊन मी, आणि कोंबड्यांची करंडी घेऊन नम्रता. चालता चालता मी तिला म्हटलं, असं करू, आपणही देवाला कौल लावू, तो सांगेल तसं. (एकदा देवाने सांगितलं की माझ्यावर काही येत नाही, असा त्यात हिशेब.) ती थांबली. म्हणाली, “बाबा, देवाक कित्याक विचारतस? माका विचार ना.” एवढंच. रागाने नाही, हळूच. मग मी विचारलं. वाटेतच, डोक्यावर वळकटी तशीच. म्हणाली, “माका जाऊचा आसा. पण तू हो म्हटलस तरच जातलंय.” आक्का, तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. आणि त्यातून बाहेर काय पडलं? “कोंबड्यो मोज, एक कमी दिसता.” बिचारीने करंडी खाली ठेवून मोजल्या. पाच होत्या.

तेव्हापासून घरात शांतता आहे. भांडण नाही, अबोला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, बांगडे खरपूस. सीता माझ्याशी नेहमीसारखी बोलते, म्हणजे भाजी काय आणू एवढंच. नम्रता मिऱ्याच्या वेलांना काय कधी घालायचं ते एका वहीत लिहून ठेवतेय, मोठ्या अक्षरांत, मला चष्म्याशिवाय दिसेल असं. कोणासाठी लिहितेस असं मी विचारलेलं नाही. काल दुपारी ओटीवर बसून मी कुंपणाकडे बघत होतो आणि मला त्या उंदराचं फार वाईट वाटलं. कोणी त्याला वेळेवर उचलून होडीत घातला असता तर? पण घालणार कोण, त्याच्या बापालाही ते बेट सोडवत नसणार. असो. म्हातारपणी माणूस उंदरासाठी रडायला लागला म्हणजे डोळे तपासून घ्यावेत, नाही का?

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा, आणि गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लाव. काही मागणं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं.

तुझा धाकटा, पण आता फारसा धाकटा न राहिलेला,
सत्यवान

ता. क. सहज म्हटलं ते तितकंसं सहज नाही. एक काम होतं. नम्रता तुझा शब्द मोडत नाही. तू तिला फोन कर आणि आपणहून सुचल्यासारखं सांग की आसाम फार लांब, तिकडची हवा दमट, ठाण्यातच काहीतरी बघू. माझं नाव काढू नकोस. तेवढं केलंस तर पुढच्या हंगामात देवगड हापूसची दोन डझनांची पेटी घरपोच.

ता. क. दुसरा (दुसऱ्या दिवशी सकाळी). वरचा ता. क. रद्द समजावा. पत्र रात्रभर टेबलावर राहिलं आणि ते सीतेने वाचलं. वाचून घडी घातली आणि म्हणाली, “तुमी त्या उंदराक बुडवलात तां पुरे झाला.” मग दळण घेऊन गिरणीत निघून गेली. तेव्हा फोन करू नकोस. पेटी येईल, ती मात्र रद्द नाही.

ता. क. तिसरा. आता खरं काम. ती गेली तर गाडी ठाण्याला थांबते, आणि पुढच्या गाडीला सहा-सात तास असतात असं वेळापत्रकात दिसलं. (हो, बघितलं मी वेळापत्रक. कंडक्टर आहे, सवय जात नाही.) तेवढ्या वेळात तिला घरी ने, गरम जेवू घाल, सोबत घावणे बांधून दे, दोन दिवस टिकतील असे. आणि भावोजींचा जुना जाड स्वेटर असेल तर तो दे. थंडी तिला सोसत नाही, ती सांगणार नाही.

ता. क. शेवटचा. हो म्हणायला मला जमत नाही, आक्का. कालपासून तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा सुपारी मागून परत आलो. उद्या शुक्रवार. म्हणून हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हातात देतोय. डिंक संपलाय, पोस्टात चिकटव, असं सांगितलंय. डिंकाची बाटली माझ्या खिशात आहे. पोस्ट इथून पाऊण मैल, आणि आपली नम्रता वाटेत काहीतरी वाचत चालते.